हॅलो महाराजांचा लाल फोन

ट्रिंग ट्रिंग! लाल फोन वाजला आणि चावडीपुढच्या मांडवातली पाच-सहाशे माणसं चिडीचूप झाली. त्या फोनला तार नव्हती. गावोगाव थेट देवीला फोन लावणाऱ्या हॅलो महाराजांनी ती सगळ्यांदेखत विळ्याने कापून तुकडा उंच धरून दाखवला होता. तरी फोन वाजत होता. पुढच्या बायांनी पदर डोक्यावर घेऊन जमिनीला कपाळं टेकली.

"हॅलो, हॅलो! आईसाहेब?" महाराजांनी रिसीव्हर कानाला लावला. "करंजवाडीतून बोलतोय. हां, लाइन साफ आहे. कोण? नायक जयराज? थांबा आईसाहेब, होल्ड करा, त्याचा बाप इथंच बसलाय."

देवीला होल्डवर ठेवणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी मोठ्याने हसले असते. पण तो जून १९९९ मधला शुक्रवार होता, कारगिलला लढाई पेटलेली होती आणि आमच्या करंजवाडीची ऐंशी पोरं फौजेत होती. त्यांची नावं, हुद्दे आणि पलटणी गावाने वेशीवरच्या फलकावर मोठ्या हौसेने रंगवून घेतल्या आहेत. माझ्या नवऱ्याचं नावही त्यावर आहे, खाली, चौकटीत. तो गेल्यावर मला एसटीडी बूथ मिळाला. मी राजेश्वरी, माहेर वाईचं, गावाची राजाक्का. जीभ तिखट आहे असं गाव म्हणतं, आणि गाव खरं बोलतं.

पुढे बसले होते आकाराम तात्या. गावात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. त्यांचा जयराज सीमेवर होता आणि एकवीस दिवस त्याचा फोन नव्हता. तात्यांनी जेवण टाकलं होतं, डोळे तांबारले होते.

"डाव्या कानामागं तीळ," महाराज म्हणाले. "मागच्या फोनवर म्हणाला होता, तात्या, म्हैस विकू नका, मी येतोय. खरं का खोटं?"

"खरं! महाराज, अक्षर न् अक्षर खरं!" तात्या आडवे पडले. एवढा दांडगा माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "माझा जया जित्ता हाय न्हवं?"

"जिवंत आहे. पण छातीवर कुणीतरी बसलंय त्याच्या. बाई आहे. घर उगवतीला. कपाळ पांढरं. स्वतःचा पोरगा खुशाल, अन् दुसऱ्यांच्या पोरांचं आयुष्य ओढून त्याला बांधतेय. काय, आईसाहेब? नाव नको? बरं, बरं. लाइन कटली."

नाव महाराजांनी घेतलंच नाही. ते काम गावाने केलं.

उगवतीला घर असलेली विधवा एकच, चंद्राबाई. तिचा अर्जुना तिकडेच लढत होता, पण दोन रविवार लागोपाठ त्याचा फोन आला होता. आनंदाच्या भरात तिने माझ्या बूथपुढच्या रांगेत सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली होती.

"त्या साकरंतच करणी हुती!" मागून कुणीतरी ओरडलं. "म्या खाल्ली, आन् तवापास्नं आमच्या पोराचा फोन न्हाई!"

बास. एवढं पुरलं. तात्या उठले. त्यांनी चंद्राबाईचे केस मुठीला गुंडाळले आणि तिला मांडवातून फरफटत बाहेर काढलं. "सोड माझ्या जयाला! सोड, रांडे!" चिंचेच्या ओल्या फोका निघाल्या. ज्या बायांच्या हातावर तिने साखर ठेवली होती, त्याच तिला लाथा घालत होत्या. लुगडं फाटलं, पाठीवरून रक्त ओघळलं. ती ओरडत होती, "आवं, म्या काय क्येलं? माझं ल्येकरू बी तितंच हाय की!" मी तिच्या अंगावर पडले. कुणीतरी म्हणालं, "राजाक्का, बाजूला व्हा, लागंल तुमास्नी," आणि त्याच माणसाची लाथ माझ्या तोंडावर बसली. एक दात तिथेच पडला. तेवढ्यात तात्यांनी बैलगाडीच्या जुवाचं शिवळ, हातभर लांब लाकडी दांडकं, उचललं आणि तिच्या उजव्या हातावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो अजून माझ्या कानात आहे.

महाराजांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मंगळवारी सकाळी चंद्राबाईने तापून लाल झालेली पहार दोन्ही हातांत धरून सात पावलं चालायचं, म्हणजे पोरांचं आयुष्य सुटेल, असा देवीचा निरोप होता. तोवर तिला तात्यांच्या कडब्याच्या खोलीत कोंडलं. आणि ज्यांना पोराभोवती कवच हवं होतं, त्यांनी गुंजभर सोनं फोनपुढे ठेवायचं होतं. बाया कानातली फुलं काढू लागल्या.

मी पोलीस ठाण्याला फोन केला. गाडी बंदोबस्ताला गेली आहे, मंगळवारी येतो म्हणाले. मंगळवारी किती वाजता, ते काही म्हणाले नाहीत.

रविवार उजाडला. बूथपुढे रांग होती. अकराच्या सुमाराला घंटी वाजली.

"हॅलो! फौजी अस्पताल, श्रीनगर से सूबेदार बोल रहा हूँ. सिपाही केरबा की माताजी को बुलाओ. जल्दी!"

आता आमच्या गावची एक खोड सांगते. आमच्याकडे फोनवर मराठी बोलला तर तो पाहुणा, हिंदी बोलला तर ती फौज. हिंदी आवाज आला की म्हातारी बाईसुद्धा पायातली चप्पल काढते, पदर सावरते आणि रिसीव्हरपुढे ताठ उभी राहते. विचारील ते सांगते. असे फोन महिनाभर येत होते. मी रिसीव्हर हातात देऊन बाहेर उभी राहायची, दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणून. बाई बाहेर आली की तोंड मिटून घरी जायची. मला वाटायचं, काळजीने गप्प आहे.

केरबाची आई रंगुबाई रांगेतच होती. मी तिला हाक मारणार, इतक्यात रिसीव्हरमधून मागचा आवाज आला. भोंग्यावरून एक जण सांगत होता, "विट्याहून आलेली सांगली गाडी तासगावहून सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी बसून घ्यावं."

श्रीनगरात सांगलीची गाडी! माझ्या डोक्यात असा काही जाळ झाला की विचारू नका. मी रंगुबाईला आत ओढलं, तिच्या तोंडावर हात ठेवला आणि आवाज बारीक करून म्हणाले, "जी, मी केरबाची आय."

"माताजी, बेटा घायल है. पहचान के लिए निशान बताओ. शादी हुई? आखिरी बार क्या बोला था?"

"पाटीवर भाजल्याचा डाग हाय," मी म्हणाले. "बायकूचं नाव हरणा. तिला सातवा म्हयना हाय. फोनवर म्हणला, पोरगा झाला तर नाव सैनिक ठेवा."

रंगुबाईचे डोळे बशीएवढे झाले. तिचा केरबा एकोणीस वर्षांचा, अजून मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं.

"गाँव में किसी से दुश्मनी?"

हा प्रश्न ऐकला आणि महाराजांना चंद्राबाईचं घर कुणी दाखवलं ते कळलं. "साहेब," मी विचारलं, "तुमचा नंबर द्या की. आमी उलटा फोन लावतो."

"नंबर नहीं देते! फौज का राज है. किसी को बताया तो बेटे की जान जाएगी!" खाडकन फोन आपटला.

महिनाभर बायांची तोंडं का बंद होती, तेही कळलं. रंगुबाईने मला मिठी मारली आणि म्हणाली, "राजाक्का, शेजारणीला बी असाच फोन आल्ता. ती मला काय बोलली न्हाई गं." तिथेच, बूथमध्ये, आम्ही दोघी ठरवून मोकळ्या झालो की मंगळवारपर्यंत हूं की चूं करायचं नाही.

सोमवारी मी नवऱ्याच्या जुन्या कागदांवरून रेकॉर्ड ऑफिसचा नंबर काढला आणि स्वतः लावला. दोन तास लागले. तिथला कारकून म्हणाला, बाई, आम्ही असले प्रश्न फोनवर कधीच विचारत नाही, आणि नायक जयराज जखमींच्या यादीत नाही. मी धावत तात्यांकडे गेले. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. "तू तिचीच साथीदार," म्हणाले. "उद्या मधी आलीस तर तुझ्या बी हातावर पहार ठिवीन." आतून, कडब्याच्या खोलीतून, चंद्राबाईचं कण्हणं ऐकू येत होतं.

मंगळवारी सकाळी लोहाराने भाता मांडवातच आणला. पहार लाल झाली. चंद्राबाईला दोघांनी धरून उभं केलं. तिचा मोडका हात सुजून काळानिळा झाला होता, बोटं मिटत नव्हती. ट्रिंग ट्रिंग!

"हॅलो, आईसाहेब? कोण, शिपाई केरबा?" महाराज डोलू लागले. "आई कुठाय त्याची? ये माय, पुढं ये. पाठीवर भाजल्याचा डाग आहे. आईसाहेब म्हणतात, सून हरणा सात महिन्यांची पोटुशी. नातवाचं नाव सैनिक ठेवायचंय. खरं का खोटं?"

रंगुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवं म्हाराज, माज्या केरबाचं लगीनच झालं न्हाई, तर सून पोटुशी कुणाकडनं ऱ्हायली?"

मांडवात मागे एक जण फिसकन हसला. मग पोरं खिदळायला लागली.

महाराज घाबरले, पण हरले नाहीत. "देवीला पुढचं दिसतं, माय! होणारी सून..."

"मग मला दिसलं ते सांगते," मी पुढे झाले. "तो डाग, ती हरणा, तो सैनिक, हे सगळं रविवारी अकरा वाजता मी बनवलं. माझ्या बूथवर, ह्यांच्या श्रीनगरच्या सुभेदाराला फोनवर सांगितलं. त्याच्या मागं तासगाव स्टँडचा भोंगा वाजत होता! देवीला केरबाचा डाग माझ्या तोंडातून कळला. जयराजचा तीळ कुणाच्या तोंडातून कळला? तात्या, तुमच्या घरच्यांना असा फोन आला होता का नाही?"

तात्यांच्या बायकोने तोंडात पदर कोंबला. "म्या सांगितलं," ती रडत म्हणाली. "तीळ बी, म्हशीचं बी. साकर वाटली म्हणून चंद्रावर जळून तिचं नाव बी म्याच सांगितलं. कुणाला सांगू नगा, न्हाईतर पोरगा मरंल म्हणला."

एकेक बाई उभी राहू लागली. मला आला होता फोन. मला बी. मला बी.

"पण मग घंटी कशी वाजतीय?" कुणीतरी विचारलं.

मी दाखवलंच. महाराजांना आसनावरून ढकललं आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याखाली जिथे गादी फुगली होती, तिथे पाय दिला. ट्रिंग ट्रिंग! गादी फाडली. दाराच्या बेलचं बटण, दोन सेल, एक घंटी. कापलेली तार नुसती दाखवायला होती. "घ्या," मी म्हणाले, "आईसाहेब आता माझ्या टाचेतून बोलतायत."

मग जे झालं ते सांगताना मला लाज वाटते. गाव महाराजांवर तुटून पडलं. त्याच फोका, त्याच लाथा. नाक फुटलं, दाढी उपटली, तोंडातून रक्ताची गुळणी आली. "मारा!" मीच ओरडत होते. तात्यांनी ओल्या पोत्यात धरून ती लाल पहार उचलली. दोघांनी महाराजांची मान दाबली. पहार त्यांच्या तोंडाजवळ आली, दाढीचे केस जळाल्याचा वास सुटला, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या काळजाला गारवा वाटला.

"तात्या."

चंद्राबाई होती. तिला धरायचं सगळे विसरले होते. मोडका हात छातीशी धरून ती गर्दीतून पुढे आली होती.

"शुक्कीरवारी बी तुमी असंच प्येटला हुता," ती म्हणाली. "तवा बी तुमाला खरंच वाटत हुतं. ठिवा ती पहार."

तात्यांच्या हातातून पहार गळून पडली. पोलीस अकरा वाजता आले. दुपारी त्यांनी तासगाव स्टँडवरच्या नाणं टाकायच्या पेटीफोनपाशी महाराजांचा मेहुणा धरला. त्याच्या वहीत आमच्या वेशीवरचा फलक ओळीने उतरवलेला होता. गाव आम्हीच त्याला वाचायला देऊन बसलो होतो.

मी बूथच्या काचेवर रंगवून घेतलं आहे, आणि तुम्हालाही सांगते. फोनवरचा आवाज कितीही रुबाबदार असो, साहेबाचा असो नाहीतर देवाचा. तो स्वतः फोन करून तुमच्या घरातली माहिती विचारत असेल, घाई करत असेल, कुणाला सांगू नका म्हणत असेल, तर फोन ठेवा. घरातल्या चार माणसांना सांगा. आणि तुमच्याजवळच्या कागदावर जो नंबर आहे, त्यावर तुम्ही स्वतः फोन लावा. ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे तो तुम्हाला कशाला विचारील?

गुरुवारी जयराजचा फोन आला. डोंगरावरच्या लष्करी ठाण्यावरून खाली उतरायलाच मिळालं नव्हतं, एवढंच. आणि रविवारी अर्जुनाचा आला. चंद्राबाईने डाव्या हाताने रिसीव्हर धरला, उजवा प्लॅस्टरमध्ये होता.

"आदी सांग," ती म्हणाली, "ल्हानपणी कशावरनं पडला हुतास?" उत्तर ऐकून हसली. "व्हय, बाभळीवरनंच. मी बरी हाय रं. हाताला? काय न्हाई, पाय घसरून पडले."

रांगेत शेवटी आकाराम तात्या उभे होते. त्यांना कुणाचाही फोन यायचा नव्हता. ते पुढे आले, डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्यापुढे हात केला. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि रिसीव्हर दिला.

"अर्जुना, मी आकाराम बोलतुया," ते म्हणाले. "तुजी आय खोटं सांगतीया. ती पडली न्हाई. तिचा हात म्या मोडला."

अर्जुनाचं ओरडणं बूथबाहेर ऐकू आलं. तात्यांनी फोन खाली ठेवला नाही.

शुक्रवारी त्या मांडवात आमच्यातल्या एकाने जरी विचारलं असतं, महाराज, हे तुम्हाला कुणी सांगितलं, तर हे बोलायची पाळी आली नसती. तेवढं एक विचारत जा, बाबांनो. हात उगारायच्या आधी विचारत जा.