डाव्या भुवईवरचा व्रण

आमचं टोकन एकशे बेचाळीस आणि पाटीवर लाल आकडा एकशे एकोणीस. सकाळी आठपासून आम्ही नवराबायको प्लास्टिकच्या खुर्च्यांना चिकटलो होतो. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आमच्या मुलीचं बाळंतपण. ती परदेशात, जावई बोटीवर नोकरीला, त्याची सुटी बाळ दोन महिन्यांचं होईल तेव्हा. म्हणजे पोरगी एकटी, म्हणून आम्हाला व्हिसा हवा. एवढं सांगायला अर्जाची अठरा पानं भरावी लागली. ‘आपण कधी हिंसक कारवायांत भाग घेतला आहे का?’ असाही एक प्रश्न होता. मी बायकोला विचारलं, काय लिहू?

"खरं लिहायचं तर, तुम्ही स्वयंपाकघरात शिरता तेवढंच," ती म्हणाली.

शेवटी नंबर लागला. काचेमागे चष्मेवाली मुलगी होती, आमच्या मुलीच्याच वयाची. माझे कागद तिने भराभर उलटले, शिक्का मारला आणि बाजूला ठेवले. बायकोच्या फायलीवर मात्र ती थबकली. तिने एकदा पासपोर्टकडे, एकदा संगणकाच्या पडद्याकडे, एकदा बायकोकडे बघितलं.

"काकू, डाव्या भुवईवर व्रण आहे ना तुम्हाला? पासपोर्टमध्ये दिसतोय. अर्जावरच्या फोटोत नाहीये."

तो फोटो मीच काढला होता.

माझा फोटो स्टुडिओ आहे, एकतीस वर्षं झाली. निम्मं गाव मी काढलेला चेहरा घेऊन विमानात बसलंय. दुकानात पाटी मीच लावलीय, ‘व्हिसाच्या फोटोतले डाग काढून मिळणार नाहीत’. त्यावरून गिऱ्हाइकांशी भांडलोय. आणि बायकोचा फोटो काढला, संगणकावर घेतला आणि व्रण पुसून टाकला! पासपोर्टचा फोटो सरकारी ऑफिसातच काढतात, तिथे माझा हात पोचला नव्हता. लहानपणी ती पायरीवरून पडली होती, त्याचे तीन टाके. लग्नाच्या फोटोत मी तो व्रण पहिल्यांदा ब्रशने झाकला, पुढे माऊस आला तसा माऊसने. तिने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. हात आपोआप तिथे जातो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

चूक माझी होती, म्हणून आवाजही माझाच चढला.

"अहो, हीच ती बाई! तुमच्यासमोर बसलीय!"

"ते दिसतंय मला, काका. पण अर्जात ह्या नाहीयेत."

"मग इथे काढा दुसरा फोटो. मीच काढून देतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"फोटोत फेरफार असला की अर्जच रद्द होतो. नवीन भरावा लागेल." तिने पडद्यावर बघितलं. "पुढची तारीख सव्वीस. पुढच्या महिन्याची."

"बारा तारखेला बाळ येतंय!"

मी साहेबांना बोलवायला लावलं. साहेब आले आणि तेच वाक्य जास्त गोड आवाजात म्हणाले. काच फोडावीशी वाटत होती. त्या मुलीचा सगळ्यात जास्त राग आला, कारण मी गिऱ्हाइकांना जे ऐकवतो ते शब्दाला शब्द ती मला ऐकवत होती.

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर बायको म्हणाली, "इतका खुपतो तुम्हाला तो?"

"अगं, खुपत नाही. सवय आहे."

"अठ्ठावीस वर्षांत एका तरी फोटोत ठेवलाय?"

मी आठवून बघितलं. एकही आठवेना.

त्या दिवसापासून कुणाची तरी तारीख रद्द होईल या आशेवर मी रोज संगणकासमोर बसायचो. दर पाच मिनिटांनी तेच पान उघडायचं, तीच सव्वीस तारीख. दुकानात बसलो की गिऱ्हाइकांवर खेकसायचो. दहाव्या दिवशी माझा पासपोर्ट घरी आला, व्हिसासकट. बायकोचा नाही. मुलीला फोन करून सांगितलं.

"बाबा, मला आई हवी होती," ती म्हणाली. मग नाक ओढून, "पण तू ये. कुणीतरी ये."

ज्याला चहा उतू न घालवता करता येत नाही, तो बाळंतिणीला सांभाळायला निघाला होता.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बायकोने मला पलंगावर बसवलं. मोठा टॉवेल गुंडाळून त्याचं बाळाएवढं गाठोडं केलं आणि माझ्या हातात दिलं. आंघोळीचं पाणी किती गरम, ढेकर कशी काढायची, लेकीला रडू आलं तर उपदेश न करता नुसतं शेजारी कसं बसायचं, सगळं एका दमात सांगितलं. स्वतःच्या हाताने करायचं होतं ते सगळं ती मला शिकवत होती. मी तिच्याकडे बघितलं.

"चुकलं गं माझं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. माझं कोपर धरून तिने आत दाबलं. "मान सुटली बघा. पुन्हा धरा."