हौसाक्काचा गुडघा

फाल्गुनातलं ऊन. कृष्णाकाठचं, शिजवलेल्या हळदीच्या वासानं जडावलेलं, खळ्याखळ्यांवर पसरलेलं पीतवर्ण ऊन. वाळत घातलेल्या हळकुंडांच्या राशी, आणि राशींवरून वाहणारा सुवर्णधूसर वारा. त्या पिवळ्या प्रकाशात हौसाक्का हळकुंडं निवडायला बसली, आणि उठताना तिचा उजवा गुडघा वाजला.

कट्ट. वाळकी काटकी मोडावी तसा.

चौसष्ट वर्षांची हौसाक्का. रजतकेशी, रापल्या कपाळाची, बोलायला फटकळ. सव्वीस वर्षांपूर्वी ट्रक चालवणारा नवरा गेला, आणि जाताना आपला एचआयव्ही तिच्या रक्तात ठेवून गेला. सासरनं दार लावलं, माहेरनं उघडलं. डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली होती. दोन सरली, चार सरली, मग सरकारी गोळ्या आल्या. आणि त्या न चुकता गिळत हौसाक्का जगली. नुसती जगली नाही. शेळ्या पाळल्या, भाच्यांची लग्नं केली, दोन गावांतल्या बायकांशी भांडली.

पण गावाला तिचं एकच ठाऊक. ती शिंकली, तर ‘ते’. तिला घेरी आली, तर ‘ते’. उन्हानं डोकं दुखलं तरी माणसं एकमेकांकडं बघत, आणि डोळ्यांत तीच ती ओलसर, आगाऊ दया. सव्वीस वर्षं ती दया हौसाक्का झाडत होती. सव्वीस वर्षं ती धुळीसारखी परत येऊन बसत होती.

“वन्सं, हे त्याचंच असणार,” गुडघ्याला तेल चोळत भावजय कलावती म्हणाली.

“अगं, चौसष्टाव्या वर्षी माणसाला दुसरं काही होतच नाही व्हय?”

कलावती मान खाली घालून तेल चोळत राहिली. तिच्या चोळण्यातही दयाच होती.

तालुक्याच्या गावी दोघी गेल्या. हाडाचा डॉक्टर तरुण, शुभ्रवस्त्र, शुभ्रस्मित. हौसाक्कानं आपलं उपचाराचं पुस्तक टेबलावर ठेवलं; लपवाछपवी तिला कधी जमलीच नाही. डॉक्टरनं पान उलटलं, आणि स्मित विझलं. शेवाळी भिंत, फिरता पंखा, दोघांमधलं काचेचं टेबल. त्या टेबलाएवढं अंतर एकाएकी समुद्राएवढं झालं.

“आधी तुमच्या गोळ्यांच्या केंद्रावर दाखवा,” तो म्हणाला. चिठ्ठी लिहिली. गुडघा पाहिला नाही.

मग केंद्र. तिथली ओळखीची गर्दी, ओळखीचं बाकडं, ओळखीच्या समुपदेशक ताई. रक्त घेतलं, आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. रिपोर्ट निर्मळ आला, शरदातल्या आभाळासारखा.

“अक्का, विषाणू दिसतसुद्धा नाही रक्तात. डॉक्टरांनी बघितलंय, दुखणं आमच्याकडचं नाही. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.”

“त्यांनीच धाडलं की मला!”

ताईंनीही चिठ्ठी लिहिली. हौसाक्काच्या मुठीत दोन चिठ्ठ्या, पायात एस.टी.चे हेलपाटे, आणि गुडघ्यात ठणक्यावर ठणका. तिला वाटलं, या सगळ्या कागदाची एक मोळी बांधावी आणि चुलीत घालावी. निदान चहाचं आधण तरी उकळेल.

पुन्हा शेवाळी भिंत. पुन्हा फिरता पंखा. डॉक्टरनं चिठ्ठी वाचली, ओठ मुडपले, आणि पेनचं टोपण काढलं.

“जिल्ह्याला एकदा...”

“डॉक्टर.” हौसाक्काचा आवाज चढला नाही, तो खाली उतरला, विहिरीच्या तळाशी जावा तसा. “दोनदा आले मी. तुम्ही माझा कागद बघताय. दुखतोय गुडघा.”

तिनं लुगडं वर सारलं. वळ्यावळ्यांचा, सुजलेला, चौसष्ट वर्षं वाकलेला आणि उठलेला श्यामल गुडघा पांढऱ्या उजेडात उघडा पडला.

“हात लावून बघा. त्याशिवाय मी या खुर्चीतनं उठत न्हाई.”

कलावतीनं पदराचं टोक दातांत धरलं. पंखा फिरत राहिला. डॉक्टरचे कान हळूहळू लाल झाले. मग त्यानं पेन ठेवलं, टेबलाला वळसा घालून तो आला, आणि तिच्यापुढं बसला. एक हात पोटरीखाली, एक हात वाटीवर. उघडे, उबदार हात. नवऱ्याच्या पश्चात तिला परक्याची बोटं लागली होती ती सुईसोबतच; विचारत येणारी, कुठं दुखतं ते ऐकणारी बोटं ती विसरूनच गेली होती. हौसाक्कानं खिडकीबाहेर नजर वळवली. तिला रडायचं नव्हतं. त्या पोरापुढं तर मुळीच नव्हतं.

फोटो काढला. काळ्या काचेवर तिचं हाड उमटलं, चांदण्यासारखं पांढुरकं, कडेला झिजलेलं.

“झीज आहे,” डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाला. “वयानं होते. माझ्या आईलाही आहे. आजी... तुम्हाला आधीच बघायला पाहिजे होतं मी.”

“व्हय, पाहिजे होतं.” तिनं लुगडं सारखं केलं. “काय म्हणालात? कशानं होते?”

“वयानं. म्हातारपणानं.”

म्हातारपण! जो शब्द ऐकून बायका आरसे पालथे घालतात, तो शब्द हौसाक्कानं दोन्ही हातांनी घेतला. तिच्या वाट्याला तो येणार नव्हता. आजार, अकाली मरण, हळहळ, हेच तिच्या नावावर लिहिलेलं होतं. आणि हा शब्द सव्वीस वर्षं चालत, लंगडत, अखेर तिच्या गुडघ्यात येऊन बसला होता.

“ऐकलंस का गं?” बाहेर आल्या आल्या ती भर गर्दीत कलावतीवर कडाडली. “त्याचं नव्हं. म्हातारी झाले मी. सांग जा गावाला!”

“सांगते, वन्सं. हळू चला.”

“हळूच चालणार! आता काय पळू?”

रस्त्यावर दुपार पेटली होती. उसाचे ट्रॅक्टर ओळीनं येत होते, कर्कश गाणी लावलेले, कर्णे फुंकणारे. हौसाक्कानं हात वर केला आणि सरळ रस्त्यात उतरली.

“थांबा की! म्हातारं माणूस दिसत न्हाई?”

करकचून ब्रेक लागले. एक ट्रॅक्टर थांबला, त्यामागं दुसरा, त्यामागं तिसरा. हिरव्या उसाचे डोंगरच्या डोंगर जागीच डुलत राहिले. आणि त्यांच्यासमोरून, पांढरं डोकं उन्हात लखलखत, एक पाऊल टाकत, एक पाऊल ओढत, कुणाचीही घाई न मानता, हौसाक्का पलीकडं जात राहिली. सावकाश, सावकाश, सावकाश.