बोट वळली की चहा

मी खिडकी. चौथ्या मजल्यावरची, समुद्राकडे तोंड करून उभी असलेली. हे घर खपलं ते माझ्यामुळे. बढाई नाही मारत, दलालच म्हणाला होता तसं. माझ्या दोन्ही झडपा धाडकन उघडून तो म्हणाला, "घर विसरा, आधी हे बघा!" नवरा-बायकोनं बघितलं. स्वयंपाकघर किती अडचणीचं आहे ते बघायचं मात्र राहूनच गेलं.

माझा जन्म सुताराच्या दुकानातला. माझ्याच लाकडातून एक दरवाजाही निघाला होता. दरवाजाचं बरं असतं, त्याच्याकडे माणसांची ये-जा असते. खिडकीनं आपलं बघत राहायचं. असो.

हे गाव दोन मोठ्या शहरांच्या मधलं. नवरा बसनं एका शहरात जातो, बायको बोटीनं दुसऱ्या शहरात, आणि घर दिवसभर कुलपात. समुद्रासाठी घर घेतलं, पण दिवसा समुद्र बघायला दोघांपैकी कुणी घरी असेल तर शपथ! शिवाय पहिल्याच वर्षी खाऱ्या हवेनं फ्रिजचे पाय खाल्ले, पंखा कुरकुरायला लागला, नळ हिरवे पडले. झालं! मला कडी लागली. फक्त माझीच गत अशी नव्हे. बाहेरून बघाल तर इथल्या साऱ्या इमारती डोळे मिटून बसलेल्या. वारा हवा म्हणून यायचं आणि आल्यावर वाऱ्यालाच दार बंद करायचं, अशी इथली रीत. मी कोण बोलणार?

मग नवऱ्याचे वडील राहायला आले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. त्यांची बायको वारल्यावर एकटे पडले होते. थोरला मुलगा शहरात राहतो, त्यानंही त्यांच्यासाठी खोली रिकामी केली होती. ते म्हणाले, "आधी इथे राहून बघतो. करमलं तर राहीन, नाहीतर थोरल्याकडे." बॅग त्यांनी पलंगाखालीच ठेवली. माळ्यावर टाकूच दिली नाही.

सकाळी दोघं बाहेर पडले की ते हळूच माझी कडी काढायचे, बाहेर हात काढून माझ्या काचेवरचं मीठ ओल्या फडक्यानं पुसायचे आणि खुर्ची ओढून बसायचे. संध्याकाळी सून यायची वेळ झाली की घड्याळाकडे बघायचे नाहीत, कारण इथली बोट घड्याळाला भीक घालत नाही, भरती-ओहोटीचं ऐकते. ते समुद्रातल्या मोठ्या खडकाकडे डोळे लावून बसायचे. खडकाला वळसा घालून बोट दिसली की म्हणायचे, "आली बाई!" मग मला बंद करायचे आणि चहाचं आधण ठेवायचे. सून जिना चढून चप्पल काढेपर्यंत कप भरलेला.

"बाबा, तुम्हाला बरं कळतं हो, मी कधी येते ते!" ती म्हणायची.

"ड्रायव्हर आहे मी," ते म्हणायचे. बस, एवढंच.

एका सुट्टीच्या दिवशी सुनेला फ्रिजच्या मागच्या बाजूला ताजा गंज दिसला. तिनं माझ्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोटाला मीठ लागलं.

"बाबा, खिडकी उघडता ना?"

"थोडी."

"थोडी म्हणजे काय? एकेक वस्तू किती मरमर करून घेतलीय आम्ही!" ती ओरडली. मग स्वतःच ओशाळली, पण सुताराला बोलावलंच. त्यानं माझ्या दोन्ही झडपा स्क्रूनं आवळून टाकल्या. म्हातारे काही बोलले नाहीत. दुसऱ्याच्या घरात राहणारी माणसं फार बोलत नाहीत, हे मी पाहिलंय.

आता बंद खिडकीची काच बाहेरून कोण पुसणार? मिठाचा थर चढत गेला आणि माझ्या काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. समुद्र गेला, खडक गेला, बोटही गेली. म्हातारे सवयीनं बसायचे, आतून उगाच काच पुसायचे. चहा कधी आधीच होऊन गार व्हायचा, कधी सून येऊन बसली तरी आधण ठेवलेलं नसायचं.

एका संध्याकाळी सून आली, तर बॅग पलंगावर उघडी आणि त्यात घड्या घातलेले सदरे. ओट्यावर चहा, वर साय धरलेली.

"हे काय बाबा?"

"थोरल्याकडे जाऊन येतो."

"जाऊन येता की जाता?"

त्यांनी एका सदऱ्याची घडी पुन्हा घातली. तिनं कप हातात घेतला. "आणि चहा असा गार कसा होतो हल्ली?"

"बोट दिसत नाही गं," ते म्हणाले. "अंदाजानं ठेवतो. चुकतो."

सून माझ्याकडे वळली. त्या पांढऱ्या काचेवरून तिनं हात फिरवला; मीठ बाहेरून होतं. मग तोंडाला पदर लावून रडली. मी कुणाची बाजू घेत नाही, पण तेव्हा मला उघडता आलं असतं तर मी उघडले असते.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. स्क्रू गंजून बसलेले, हलेनात. तेल सोडलं, ठोकलं, शिव्याही घातल्या. मी करकरत उघडले ती एक बिजागरी तोडूनच. काच तिनं स्वतः पुसली. म्हातारे मागे उभे राहून म्हणाले, "अगं, फ्रिज?"

"मरू दे तो फ्रिज!"

त्याच्या पुढच्या दिवशी खडकाला वळसा घालून बोट आली. एरवी आत बसून डुलक्या काढणारी सून वर डेकवर उभी होती. अख्ख्या इमारतीत उघडी अशी मी एकटीच, त्यामुळे घर शोधायला तिला वेळ लागला नाही. तिनं हात हलवला. म्हाताऱ्यांनीही हलवला. मग "अरे, आधण!" म्हणत आत पळाले. बॅग त्या दिवशी माळ्यावर गेली.

आता माझी एक झडप तिरकी आहे, नीट लागत नाही. फ्रिजला दोनदा रंग दिला, पुन्हा गंजलाय. तुम्हीही समुद्राकाठी राहत असाल तर वाऱ्याशी तुमचं काय ते तुम्ही बघा. पण घरात कुणी वाट बघणारं असेल, तर काच पुसण्यापुरतं तरी आम्हाला उघडा. बरं, मला आता बोलायला सवड नाही. बोट वळतेय, आणि म्हाताऱ्यांना खुर्चीत डोळा लागलाय. जरा झडप आपटते.