गाळलेली चौदा वाक्यं

गोठवलेले मटार पेटीत भरणाऱ्या सहा बायकांना फ्रेंच शिकवावं असा निर्णय संचालकांच्या बैठकीत झाला. कारण सरळ होतं. माल विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या पाहणी अधिकारी बाई तीन आठवड्यांनी एका सोमवारी शीतगृहात येणार होत्या, आणि कामगार त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत दोन शब्द बोलले तर छाप पडेल असं साहेबांना वाटत होतं.

शिकवायला एक मास्तर आणले. मूळचे ते मास्तर नव्हतेच. फ्रेंच जहाजाच्या स्वयंपाकघरात नऊ वर्षं काढलेला तो माणूस होता. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास त्यांना मिळाला. बायका डबे उघडत, मास्तर फळा पुसत.

"एकच क्रियापद पाठ करायचं," ते म्हणाले. "'आव्वार', म्हणजे जवळ असणं. फ्रेंच माणसाला भूक लागत नाही, त्याच्याजवळ भूक असते. थंडी वाजत नाही, थंडी असते. 'झे फँ', भूक. 'झे फ्रुआ', थंडी. 'झे पर', भीती."

"आणि साहेबांजवळ काय असतं, मास्तर?" पेटीला पट्टी मारणारीनं विचारलं.

"'रेझों'. म्हणजे त्यांचं बरोबर असतं."

"आणि आपल्याजवळ?"

"'तोर'. आपलं चुकलेलं असतं."

बायका इतक्या हसल्या की कामगार कल्याण अधिकारी दारात येऊन उभे राहिले.

मास्तरांनी केलेली एकवीस वाक्यांची यादी त्यांनी मंजुरीसाठी मागवून घेतली आणि दोन दिवसांनी परत दिली. त्यातली सात मंजूर होती: मी नशीबवान आहे, तुमचं बरोबर आहे, मला काम करण्याची इच्छा आहे, अशी. भूक, तहान, झोप, थंडी, भीती, लाज, गरज, दुखणं, सगळं गाळलं होतं. मात्र या कचेरीत खाडाखोडीचा एक जुना नियम होता: गाळलेला मजकूर वाचता आला पाहिजे, म्हणून पट्टी धरून त्यावर एकच बारीक रेघ ओढायची आणि शेजारी सही करायची. अधिकारी नियमाला पक्के. त्यांनी चौदा रेघा ओढल्या, चौदा सह्या केल्या आणि यादीच्या सहा प्रती काढून वाटल्या. कोणती वाक्यं महत्त्वाची आहेत हे बायकांना एका नजरेत कळलं. मंजूर सात पाठ व्हायला आठवडा लागला; गाळलेली चौदा एका दुपारीत झाली.

त्या सहांत सर्वांत वडील जी होती तिला सगळे मावशी म्हणत. उणे अठरा अंशांत ती अकरा वर्षं काम करत होती, अंगात घरचे दोन स्वेटर आणि हातात सुती मोजे घालून. गरम जॅकेट आणि जाड हातमोज्यांची मागणी दोन वर्षांपासून या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. मावशीच्या उजव्या हाताची दोन बोटं आता पांढरी पडत. घरी नातीच्या झग्याची बटणं तिला लावता येईनात. सून पुढे येऊन लावी. बोटं कायमची गेली तर पेट्या भरण्याचं काम जाणार, आणि दुसरं काम कोणी देणार नाही, हे मावशीला कोणी सांगायची गरज नव्हती.

ठरलेल्या सोमवारी पाहुण्या बाई आल्या. कंपनीनं पाहुण्यांसाठी ठेवलेलं एकमेव जॅकेट त्यांना दिलं. दुभाषे म्हणून मास्तर सोबत होते. शीतगृहात शिरताच बाईंनी पहिलीला हसून विचारलं, "सा व्हा?" कसं काय चाललंय?

"मी नशीबवान आहे," पहिली फ्रेंचमध्ये म्हणाली.

दुसरीला तोच प्रश्न. "तुमचं बरोबर आहे."

"मला काम करण्याची इच्छा आहे," तिसरीनं, न विचारताच.

बाईंच्या कपाळावर आठी पडली. साहेब मात्र खूश होते. बाई चौथ्या जागी मावशीसमोर थांबल्या. मावशीनं अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी ओठांनीच 'शाँस' म्हणून दाखवलं. नशीब. त्या क्षणी ती 'झे पर', भीती, म्हणाली असती तरी खोटं झालं नसतं.

"झे फ्रुआ," ती म्हणाली. थंडी.

"मास्तर, सांगा त्यांना, शब्द चुकला म्हणावं," अधिकारी घाईनं म्हणाले. "उकडतंय म्हणायचं होतं."

"चुकला नाही, साहेब," मावशी म्हणाली. मोजा काढून तिनं उघडा हात बाईंच्या हातात ठेवला.

बाईंनी हात झटकन मागे घेतला, मग पुन्हा धरला, दोन्ही हातांनी. त्यांनी मास्तरांना काही विचारलं. मास्तरांना पुढच्या तुकडीचा वर्ग मिळायचा होता आणि साहेब तिथंच उभे होते. मास्तरांनी एकदा चष्मा पुसला.

"त्या विचारतायत, इथं किती तास," ते मराठीत म्हणाले, आणि उत्तरासाठी कोणाचीही वाट न पाहता फ्रेंचमध्ये म्हणाले, "आठ."

दहाव्या दिवशी सहा जॅकेटं आणि हातमोज्यांचे सहा जोड आले. साहेबांनी सूचनाफलकावर लावलं की कंपनीला कामगारांची काळजी पहिल्यापासूनच आहे. मास्तरांना पुढचा वर्ग मिळाला नाही. जॅकेटासोबत मावशीला एक मेमोही मिळाला: मंजूर यादीबाहेरचं वाक्य उच्चारल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

"आता काय लिहिणार, मावशी?" पट्टी मारणारीनं विचारलं.

मावशीनं मेमो उलटून पाहायचा प्रयत्न केला. हातमोजे नवे आणि जाड होते, कागद काही पकडीत येईना. तिनं तो पेटीच्या झाकणावर ठेवला.

"हे काढल्यावर बघू," ती म्हणाली आणि मटारांची पुढची पिशवी पुढे ओढली. घरी जाईपर्यंत तिनं हातमोजे काढले नाहीत.