पूजेला बसवलेला संगणक

मित्रांनो, कंग्राळीच्या वाचनालयात कोपऱ्यात कापड पांघरून बसलेला जुना संगणक, तो मी. माझी उमेदीची वर्षं बेळगावच्या एका कचेरीत गेली. तिथं नवे आले, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांना शिकवायला म्हणून मला इथं आणलं. नारळ फुटला, फोटो निघाले. फोटोतली माणसं पुन्हा फिरकली नाहीत. राहिली ती शिकवणारी पोर, तेजस्वी.

आणि रुक्माबाई. शेतं भांगलून राठ झालेली तिची बोटं माउसवरून घसरायची. घरी नातू म्हणायचा, "तुला न्हाय जमायचं आज्जी, दे इकडं." तेजस्वी मात्र हात मागं बांधून उभी राहायची, "तुमीच दाबा." रुक्माबाईला एकच गोष्ट शिकायची होती. पुण्याला लेकाकडे राहणाऱ्या थोरल्या भावाला, परशरामअण्णाला, पडद्यावर बघायचं. निपाणीच्या तंबाखूत त्याचा जन्म गेला, आता जबड्याला कॅन्सर. ऑपरेशनात अर्धा जबडा काढणार होते. त्याआधी तिला त्याचं तोंड डोळे भरून बघायचं होतं. शिकली हो ती. मला लई बरं वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बोलायचं ठरलं, आणि तो दिवस नेमका खंडेनवमीचा. वाचनालय सांभाळणाऱ्या भरमूनं सकाळीच मला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला. तेजस्वी सणाला गावी गेलेली. रुक्माबाई आली, तसा भरमू म्हणाला, "पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापातूर हात लावत न्हाईत, आक्का."

पुजलेल्या खुरप्याला तीही कधी हात लावत नसे. "व्हय, ते बी खरंच," म्हणाली, मला हात जोडले आणि गेली. माझ्यात काही बिघाड नव्हता. पण मला कोण विचारतंय?

ऑपरेशन होऊन गेलं. दिवाळी तोंडावर आली तेव्हा तिनं माझ्यावरून स्वतःच्या बोटानं फोन लावला. पडद्यावर नुसता छताचा पंखा.

"काय चुकलं गं माझं?" तिनं तेजस्वीला विचारलं.

पलीकडून भावाच्या सुनेचा आवाज आला, "आत्ती, मामंजी तोंड दाखवायला तयार न्हाईत."

रुक्माबाई पंख्याकडे बघत बसली. मग उठली. पुन्हा आली नाही. वर्गही बंद पडला.

मित्रांनो, म्हातारं माणूस शिकत असेल तर त्याच्या हातातून माउस हिसकावू नका. आणि आम्हाला देव करून बसवू नका. आम्ही यंत्रं, आम्हाला ना कोप येत, ना विटाळ होत. त्या दिवशी हार बाजूला सारून तिनं बटण दाबलं असतं, तर तिला तिचा भाऊ दिसला असता.