मी पैलवान कसा झालो

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर अंतर्यामी महाराज बसले होते. भर उकाड्यात त्यांच्या डोक्यावर कान झाकणारी लोकरी टोपी होती. ते एकेका पोराला पुढे बोलवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "तुझ्या मांजरीला एकच डोळा आहे!" किंवा, "परवा मैत्रिणीशी अबोला धरलास!" टाळ्यांनी छत हलत होतं.

"आता शेवटचं अर्पण!" महाराज गर्जले. "ज्या शब्दाने तुमचं मोबाइलवरचं खातं उघडतं, तो पासवर्ड माझ्या कानात सांगा. कुलूप गेलं की भीती गेली!"

एरवी गुरू शिष्याचे कान फुंकतो. इथे पोरंच रांगेने गुरूचे कान फुंकू लागली.

रांगेत माझी पंधरा वर्षांची नातही होती. तिच्या खात्यात तिचे फोटो होते, मैत्रिणींनी विश्वासाने सांगितलेली गुपितं होती. ती मागे वळून कुजबुजली, "आजोबा, सांगू का?"

मी निवृत्त ग्रंथपाल. जन्मभर लोकांना 'शांतता राखा' एवढंच सांगितलं, तेही पाटीवर लिहून. मी म्हणालो, "आईला विचार."

सूनबाई म्हणाली, "सांग की! त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं."

मग विचारतात कशाला? हे माझ्या मनात आलं. तोंडातून फक्त "हं" निघालं.

तेवढ्यात महाराजांनी माझ्याकडे बोट केलं. "उठा, पैलवान!"

मी मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"तुम्हीच! आयुष्यभर कुस्ती केलीत. डावा खांदा अजून दुखतो ना?"

खांदा खरंच दुखत होता. माझं वजन ओल्या छत्रीएवढं; तरी शेजारचे गृहस्थ आदराने सरकून बसले. "दिसत नाहीत," ते बायकोला म्हणाले, "पण जुनं हाड आहे."

मी गुपचूप दंड चाचपला. वाटलं, केलीही असेल कुस्ती. हल्ली मला चष्माही आठवत नाही.

आणि मग आठवलं. नातीने मला खातं उघडून दिलं होतं. परिचयात मी लिहिलं होतं, 'आयुष्यभर कुस्ती केली. डावा खांदा अजून दुखतो. प्रतिस्पर्धी: ग्रंथालयातले जाडजूड ग्रंथ.' जागा पुरली नाही. शेवटचं वाक्य गळून पडलं. दुरुस्त कसं करायचं, हे विचारायची मला लाज वाटली. म्हणजे अख्ख्या जगात मी पैलवान होतो तो त्या एकाच ठिकाणी!

नात टोपीकडे वाकली होती.

"थांब, बाळा!" मी ओरडलो. आवाज माझाच होता का, शंकाच आहे. "महाराज, माझा प्रतिस्पर्धी कोण होता?"

महाराजांनी डोळे मिटले. टोपी दाबली. सभागृह चिडीचूप. आणि टोपीतून, थेट माइकवर, बारीक आवाज आला, "पुढे काही लिहिलेलंच नाहीये हो!"

नातीने टोपी ओढली. कानातलं यंत्र खाली लोंबलं. पडद्यामागे एक चेला लॅपटॉप घेऊन बसला होता. दारात लिहून घेतलेल्या नावांवरून तो प्रत्येकाचं खातं शोधून वाचत होता.

"पण पैलवान आहात, हे कसं ओळखलं हो त्यांनी?" सूनबाई अजून चकितच होती.

मग पोरं माना खाली घालून पासवर्ड बदलत बसली. त्या सभागृहातली ती पहिली खरी साधना.

घरी येताना नात म्हणाली, "तुमचा परिचय दुरुस्त करू?"

"आधी तुझं खातं अनोळखी लोकांना दिसणार नाही असं कर. माझी कुस्ती राहू दे."

पोरांनो, आपणच भिंतीवर टांगलेलं कुणी वाचून दाखवलं, तर ते अंतर्ज्ञान नव्हे, वाचन आहे. तेवढं मलाही येतं. पासवर्ड मागणारा कितीही मोठा असो, नाही म्हणा आणि घरी सांगा. आणि घरातल्या मोठ्यांनो, पोरगी "सांगू का?" म्हणून विचारते, तेव्हा "आईला विचार" म्हणत अंग चोरू नका. पैलवानाला ते शोभत नाही.