धुळीतली तुतारी

देवमनचा ढवळ्या महिनाभर बबनरावाच्या दावणीला होता, आणि रोज तिथून जाताना देवमनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. किन्हीराजाच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, दोघांच्या जोड्या शेजारीशेजारी सुटल्या, धुळीचा लोट उठला, अन् बबनरावाच्या बैलाचा डोळा तुतारीच्या, बैल हाकायच्या काठीच्या, खिळ्यानं फुटला. बौद्धवाड्यातल्या देवमननंच मारली, असं पंचांनी ठरवूनही टाकलं. डोळ्याच्या बदल्यात बैल! देवमन घसा फोडून सांगत होता, पण गरिबाचं ऐकतो कोण?

त्या दिवशी सरकारी प्रचारगाडीवाल्या रतनसिंगनं पटाची फिल्म घेतली होती. ती धुऊन आली, तशी देवमननं भर दुपारी पंचांना चावडीवर ओढून आणलं. रतनसिंगनं पट्टी उन्हाकडे धरली, हातात भिंग दिलं. एका चौकटीत तुतारी बैलाच्या डोळ्यात होती, अन् धुळीत दोन हात एकमेकांवर चढलेले. बबनराव म्हणाला, पाहा, याचाच हात. पंचांनी माना डोलावल्या. मेले नंदीबैल!

देवमननं जन्मभर गावची गुरं राखली होती. दोन कळप धुळीत मिसळले की राखोळ्या गर्दीत आपली गाय शोधत बसत नाही. ती सुटी असते तेव्हापासूनच तिच्यावर नजर ठेवतो. त्यानं पट्टी मागं घ्यायला लावली, दोन्ही हात वेगळे दिसेपर्यंत. मग एकेक चौकट पुढं. देवमनचा हात कासरा ओढत वर गेला, नुसता कासरा. तुतारी दुसऱ्या हातात होती. ती ढवळ्याच्या तोंडाकडे निघाली, आणि मधेच बबनरावाच्याच बैलानं मान वर केली.

मुख्य पंच नानाजींनी तीनदा पाहिलं.

"बबन, हात तुहा हाय," ते म्हणाले.

बबनराव थुंकला अन् उठून गेला. नानाजींनी मग गोडीगुलाबीनं घेतलं. झालं गेलं विसर, चहा घे म्हणाले.

देवमननं कप हातात घेतला नाही. "महिनाभर माह्या तोंडावर तुमचा इस्वास नव्हता. या पट्टीवर बसला. चहा तिलेच पाजा."

तडक जाऊन त्यानं ढवळ्याचं दावं सोडलं. शेजारी तो काणा बैल उभा होता. कपाळ खाजवायला देवमननं हात नेला, तसा तो लांबूनच दचकून मागं सरला, मग हुंगून पुढं आला. डोळा कोणी फोडला, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.